समुद्राला मिळालेले पाणी वाया जाते काय?

पावसाळा सरत आला की आपल्या भागात एक वाक्य हमखास कानी पडते. धरणांचे दरवाजे उघडलेले असतात, नद्या दुथडी भरून वाहत असतात आणि वर्तमानपत्रांतून, सभांतून, पारावरच्या गप्पांतून हळहळ व्यक्त होते की, एवढे सारे पाणी समुद्रात जाऊन वाया चालले आहे. हे बोलणाऱ्यांच्या मनात पाप नसते. ज्या मुलुखात मार्च संपण्यापूर्वी विहिरीचा तळ दिसू लागतो, तेथील माणसाने अशी हळहळ करावी हे स्वाभाविकच आहे. परंतु ‘वाया’ हा शब्द दिसतो तितका साधा नाही. एखादी गोष्ट वाया गेली असे म्हणणे म्हणजे ती कोणाच्याही कामी आली नाही, असा निवाडा देणे होय. हा निवाडा न्याय्य आहे काय? आणि तो न्याय्य नसेल, तर समुद्रापासून चारशेहून अधिक किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसावर त्यातून काही कर्तव्य येऊन पडते काय? या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

वसई, उत्तन, अलिबागकडील वाचकांना नवल वाटेल की वाशिम जिल्ह्यात राहणाऱ्या धर्मगुरूने खाडी आणि खारफुटीविषयी का लिहावे. त्याचे उत्तर भूगोलात आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा छोटा जिल्हा एका पाणलोटाच्या माथ्यावर वसला आहे. येथे पडणारा पाऊस दोन दिशांना वाटला जातो. काटेपूर्णा नदी येथल्या डोंगराळ भागात उगम पावते, उत्तरेकडे अकोला जिल्ह्यात उतरते, पूर्णेला मिळते आणि पूर्णा तापीला. ते पाणी सुरतेजवळ अरबी समुद्रात जाते. पैनगंगा मात्र रिसोड तालुक्यातून येऊन वाशिम आणि हिंगोलीच्या सीमेवरून पूर्वेकडे वाहते. अरुणावती आणि अडाण यांचे पाणीही यवतमाळ जिल्ह्यातून शेवटी तिलाच मिळते. पैनगंगा वर्धेत, वर्धा वैनगंगेसह प्राणहितेत आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. ते पाणी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे ज्या जिल्ह्याला एक हातभरही समुद्रकिनारा नाही, त्याचे दोन समुद्रांशी नाते आहे. एकाच माथ्यावर पडलेल्या पावसातला एक थेंब गुजरातेतल्या खाडीत जातो आणि त्याचा शेजारी आंध्रातल्या खाजणात.

आता ते पाणी तेथे जाऊन काय करते ते पाहू. गोदावरीच्या मुखाशी काकीनाडा शहराजवळ कोरिंगा नावाचे खारफुटीचे अरण्य आहे. १९७८ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर आहे. खारफुटी म्हणजे आपल्या कोकणातले तिवर आणि कांदळ यांचेच भाईबंद. ही झाडे खाऱ्या पाण्यात वाढतात खरी, पण निव्वळ खाऱ्या पाण्यावर त्यांची भरभराट होत नाही. नदीने आणलेले गोडे पाणी आणि भरतीने आणलेले खारे पाणी यांचे मिश्रण त्यांना लागते. नदीचा गाळ हीच त्यांची जमीन. गोडे पाणी कमी झाले की चिखलातील मिठाचे प्रमाण वाढत जाते, नाजूक जाती एकामागून एक नाहीशा होतात आणि चिवट तेवढ्या उरतात. गाळ कमी झाला की लाटा किनारा कुरतडू लागतात आणि झाडांच्या पायाखालची भूमीच सरकते.

काकीनाड्याच्या उपसागरासमोर ‘होप आयलंड’ नावाचा वाळूचा लांबट पट्टा आहे. गोदावरीने आणलेल्या गाळातून गेल्या सुमारे दोन शतकांत तो घडला. तो वादळी लाटांपासून काकीनाड्याचे रक्षण करतो आणि त्याच्या वाळूवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या हिवाळ्याच्या अखेरीस अंडी घालावयास येतात. दख्खनच्या पठारावरील काळी माती गोदावरीच्या गाळाचा एक मोठा घटक आहे. कासवाची मादी ज्या किनाऱ्यावर खड्डा खणते, त्याच्या घडणीत आपल्या शिवारातून वाहून गेलेल्या मातीचाही अंश आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

खारफुटीची मुळे चिखलातून वर डोकावून हवा घेतात. त्या मुळांच्या जाळीत कोलंबीची पिल्ले, चिंबोऱ्या, निवट्या आणि असंख्य माशांची बाळे मोठ्या माशांपासून लपून वाढतात. गळून पडलेली पाने कुजतात, त्यांच्यावर सूक्ष्म जीव पोसले जातात आणि त्या जीवांवर ही पिल्ले. खोल समुद्रात जाळ्यात येणाऱ्या कित्येक माशांचे बालपण अशा खाजणात गेलेले असते. पाला मासा तर समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात पुराचे पाणी आले की नदीत शिरून अंडी घालतो. गोदावरीकाठी त्याला ‘पुलसा’ म्हणतात आणि तेथील लोक त्याची वर्षभर वाट पाहतात. ज्या पुराला आपण येथे ‘वाया गेलेले पाणी’ म्हणतो, तोच पूर त्या माशाला मिळालेले आमंत्रण असते.

माणसांच्या जिवाचाही येथे संबंध आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे १० हजार माणसे दगावली. केंद्रपाडा जिल्ह्यातील शेकडो गावांचा अभ्यास पुढे झाला आणि २००९ साली तो प्रसिद्ध झाला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचा रुंद पट्टा शिल्लक होता, त्या गावांत तुलनेने कमी माणसे मेली, असे त्यातून दिसून आले. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. समुद्राला मिळालेले पाणी वाया जात नाही. ‘वाया’ हा शब्द नदीच्या एका टोकाला बसून उच्चारलेला आहे; दुसऱ्या टोकाला बसलेल्यांना कोणी विचारलेले नाही.

दुसरा प्रश्न कठीण आहे. हे सारे खरे मानले, तरी त्याचे दायित्व आमच्यावर कसे? आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याने हा आक्षेप माझ्यासमोर अगदी नेमक्या शब्दांत मांडला : “फादर, आमच्या विहिरीले मार्चातच पानी नाई, अन् तुमी समुद्राचं सांगता!” या एका वाक्यात नीतिशास्त्राचे तीन आक्षेप दडले आहेत. पहिला, मी ते पाहिलेले नाही, मला ठाऊक नाही. दुसरा, त्यात माझा वाटा तो किती? आणि तिसरा, माझी स्वतःचीच गरज भागत नसताना मी परक्याचा विचार का करावा?

पहिला आक्षेप अज्ञानाचा. नीतिशास्त्र अज्ञानाचे दोन प्रकार मानते : माणसाला प्रयत्न करूनही दूर करता येत नाही असे अज्ञान आणि थोड्या प्रयत्नाने दूर करता येण्याजोगे अज्ञान. पहिले दोषापासून मुक्त करते, दुसरे करीत नाही. आपल्या आजोबांना खारफुटीची शरीररचना ठाऊक नव्हती आणि त्यांच्या हातून समुद्राचे फारसे वाकडेही झाले नाही. आज मात्र पुष्कळ कळले आहे. अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे उदाहरण घ्या. तेथील मध्यभागातील मक्याच्या व सोयाबीनच्या शेतांतून खतांतले नत्र पावसाबरोबर वाहते, नदीवाटे मेक्सिकोच्या आखातात पोहोचते आणि तेथे शेवाळ माजते. ते शेवाळ मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते; मासे पळतात, ज्यांना पळता येत नाही ते तळाशी मरतात. २०१७ च्या उन्हाळ्यात असा प्राणवायूहीन टापू सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर पसरला होता. ते शेतकरीही समुद्रापासून शेकडो कोस दूर होते आणि त्यांच्यापैकी कोणालाही मासे मारावयाचे नव्हते. आपल्या जिल्ह्याचे मुख्य पीकही सोयाबीनच आहे. हे वाचल्यानंतर ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब पूर्वीसारखी निर्दोष राहत नाही.

दुसरा आक्षेप अल्प वाट्याचा. येथे जुन्या पाठ्यपुस्तकांची भाषा थोडी अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्याच्या दुष्कृत्याला हातभार लावण्याचे निकटचे आणि दूरचे असे भेद आम्ही सेमिनरीत शिकलो; हातभार जितका दूरचा, तितका दोष सौम्य. पण त्या विचारात कोणीतरी एक दुष्कर्मी गृहीत असतो आणि प्रश्न एवढाच असतो की मी त्याला किती साह्य केले. येथे शेवटी कोणी दुष्कर्मी उभाच नाही. लाखो निरपराध माणसांच्या लहानलहान कृतींची बेरीज तेवढी आहे. मग दोषी कोण? कदाचित कोणीच नाही. परंतु दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आपल्या गावांतील गायरानाचे उदाहरण पाहावे. गायरानाच्या कडेला ज्याचे शेत असते, तो दरवर्षी नांगराचे एक तास पुढे सरकवतो. एका तासाने कोणाची गाय उपाशी मरत नाही. त्याचा शेजारीही तेच करतो. वीस वर्षांनी गायरान राहत नाही आणि प्रत्येकजण शपथेवर सांगू शकतो की, मी तर केवळ एक तास घेतला. हिशेब खरा असतो, तरीही गायरान गेलेले असते. एखाद्या कृतीचे मोल तिच्या एकटीच्या परिणामावरून ठरवू नये. सर्वांनी तसेच केले तर काय उरेल हेही पाहावे, हा धडा आपल्याला गायरान देते. समुद्र हे साऱ्या मानवजातीचे गायरान आहे आणि नदी ही त्याची कड.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातील चौतिसावा अध्याय मेंढपाळांविषयी आहे हे पुष्कळांना माहीत असते. पण त्यात मेंढरांनाही बोल लावलेला आहे, हे फारसे ध्यानात राहत नाही. काही मेंढरे स्वच्छ पाणी पिऊन तृप्त होतात आणि उरलेले पाणी पायांनी गढूळ करून मागून येणाऱ्यांना ठेवतात, याबद्दल देव त्यांना जाब विचारतो. लक्षात घ्यावे की त्यांच्यावर तहान भागवल्याचा आरोप नाही. आरोप आहे तो मागून येणाऱ्यांचे भान न ठेवल्याचा. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या सर्वांना हा निकष लागू पडतो.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतयोजना जाहीर केली, त्यांत वाशिम होता. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील मागास जिल्ह्यांची आकांक्षित जिल्हे म्हणून निवड केली, त्यांतही वाशिम होता. अशा ठिकाणी कर्जाने वाकलेल्या माणसाला कासवाच्या अंड्यांविषयी उपदेश करणे हा क्रूरपणा होईल. प्रीतीलाही एक क्रम असतो, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. जवळच्यांचा हक्क प्रथम. पिण्याच्या पाण्याचा आणि उपजीविकेपुरत्या सिंचनाचा हक्क कोरिंग्याच्या खारफुटीसाठी कोणी सोडावा, असे मी म्हणणार नाही.

परंतु क्रम म्हणजे कुंपण नव्हे. जवळच्यांचा हक्क पहिला, याचा अर्थ दूरच्यांना हक्कच नाही, असा होत नाही. शिवाय जबाबदारीचे ओझे प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणे वाटले गेले पाहिजे. पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्यापेक्षा न शुद्ध केलेले सांडपाणी नदीत सोडणाऱ्या शहराचा वाटा मोठा आहे. त्याहून मोठा धोरणे आखणाऱ्यांचा. २०१० साली अन्नद्रव्यांवर आधारित खत-अनुदान लागू झाले तेव्हा युरियाला त्यातून वगळण्यात आले. युरिया स्वस्त राहिला, इतर खते महागली आणि शेतकऱ्याने जे स्वस्त ते अधिक टाकले. हा निर्णय त्याने घेतलेला नव्हता.

आणि पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्याचे हित आणि समुद्राचे हित एकमेकांच्या विरोधात नाहीतच. सोयाबीन हे द्विदल पीक आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र स्वतःच धरून ठेवतात. त्याला वरून युरियाच्या पोत्यांची गरज नसते. उताराला आडवी पेरणी, रुंद वरंबा-सरी, बांधावरचे गवत, माती परीक्षणाप्रमाणे खत : या गोष्टींनी खर्च वाचतो, ओल टिकते आणि नदीत उतरणारे नत्रही कमी होते. शेताबाहेर गेलेले खत शेतकऱ्याच्या खिशातून गेलेले असते आणि समुद्राच्या छातीवर बसलेले असते.

तरीही दोन चांगल्या गोष्टींचा संघर्ष कधीच होत नाही, असे मानणे भाबडेपणाचे होईल. धरण गाळ अडवते आणि मुखप्रदेश त्या गाळावर जगतो. आपल्याकडे अडवलेले प्रत्येक पाणी खाली कमी होते. १९८० साली गोदावरी पाणीतंटा लवादाने आपला निवाडा दिला. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश आणि ओडिशा ही राज्ये त्यात पक्षकार होती. समुद्र पक्षकार नव्हता. त्याचा वकील कोण होणार? २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाला मान्यता दिली. वैनगंगेचे पाणी पश्चिम विदर्भात आणण्याची ही योजना आहे. तहानलेल्या भागाला पाणी मिळावे ही इच्छा रास्तच आहे. पण अशा योजनांच्या समर्थनार्थ ‘एरवी ते समुद्रात वायाच जाते’ हा युक्तिवाद जेव्हा पुढे केला जातो, तेव्हा आपण थबकावे. पाणी घ्यावयाचे असेल तर गरज सांगून घ्यावे, किती घेणार आणि नदीसाठी किती ठेवणार हे सांगून घ्यावे. दुसऱ्याचे आहे हे ठाऊक असून अत्यंत निकडीने घेणे वेगळे आणि ते कोणाचेच नाही असे म्हणून उचलणे वेगळे. पहिल्यात मर्यादा असते, दुसऱ्याला मर्यादा उरत नाही.

कायद्याने किनाऱ्याच्या रक्षणासाठी बरेच केले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली महाराष्ट्रातील खारफुटीच्या तोडीला मनाई केली; २०१८ च्या अंतिम निवाड्यात ती कायम करून खारफुटीभोवती ५० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्याचे बंधन पुन्हा अधोरेखित केले. २०१२ साली राज्याने खारफुटीसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्या धर्मगुरूंनी हिरव्या पट्ट्यासाठी लोकांना संघटित केले, ही आपल्या समाजाच्या स्मरणातली गोष्ट आहे. हे सारे मोलाचे आहे. मात्र कायदा कुऱ्हाडीला अडवू शकतो. वरून न आलेल्या पाण्याला तो आणू शकत नाही. ५० मीटरांचा पट्टा राखून कोरिंगा वाचणार नाही. त्याचे कुंपण चंद्रपूर, यवतमाळ आणि वाशिमपर्यंत पसरलेले आहे.

शेवटी एक प्रश्न उरतो. हे रक्षण कोणासाठी? कोळ्यांच्या पोटासाठी आणि किनाऱ्यावरच्या घरांसाठी, हे उत्तर पुरेसे बळकट आहे. पण कासवाचा स्वतःचा काही हक्क आहे काय? संत थॉमस म्हणतात की देवाचे चांगुलपण कोणत्याही एका प्राण्यातून पूर्णपणे प्रकट होऊ शकत नाही, म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले. एकात जे उणे, ते दुसऱ्यात भरून निघते. हे मान्य केले तर एक जात नाहीशी होणे म्हणजे केवळ साधनसंपत्तीची हानी नव्हे. देवाविषयी काही सांगणारा एक आवाज कायमचा बंद होणे होय. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात निसर्गाचा प्रश्न हा नैतिक प्रश्न असल्याचे सांगितले. पोप फ्रान्सिस यांच्या २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात तर पाणथळ जागा आणि किनाऱ्यावरील खारफुटी यांचा थेट उल्लेख आहे. रोममधून लिहिताना त्यांना चिखलातल्या त्या झाडांची आठवण झाली, मग त्या झाडांना पाणी पाठवणाऱ्या आपल्याला का होऊ नये?

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून तो दिवस जगभर पाणथळ दिन म्हणून पाळला जातो. योगायोग असा की त्याच दिवशी आपण प्रभूच्या समर्पणाचा सण साजरा करतो आणि मेणबत्त्या आशीर्वादित करून घेतो. त्या दिवशी वाशिमच्या कुटुंबांनी एकबुर्जी जलाशयावर, कारंज्याच्यांनी ऋषी तलावावर, बुलढाण्याकडच्यांनी लोणारला आणि किनाऱ्यावरच्यांनी आपापल्या खाजणात मुलांना घेऊन जावे. तेथे भाषण करू नये. पाणी कोठून आले आणि कोठे जाणार एवढे मुलांना दाखवावे, आणि काठावरचे प्लास्टिक उचलून आणावे.

यहेज्केलच्याच ग्रंथात पुढे मंदिरातून निघालेल्या एका नदीचे दर्शन आहे. ती मृत समुद्राला जाऊन मिळते आणि तेथे जीवन येते, माशांचे थवे येतात, कोळी आपली जाळी वाळत घालतात. त्या दर्शनात एक बारकावा आहे : दलदली आणि पाणथळ जागा मात्र गोड केल्या जात नाहीत, त्या मिठासाठी राखून ठेवल्या जातात. संदेष्ट्याच्या दर्शनातही सारे पाणी गोड होत नाही. खाऱ्या चिखलालाही त्याचे स्थान आहे. त्या नदीचे पाणी वाया गेले, असे कोणी म्हणत नाही. तिचे समुद्राला मिळणे हेच तिचे कार्य होते.